झाकण आहे, डबा नाही

मला फक्त पोरगी दुपारची झोपायला हवी होती. यापलीकडे कलेकडून, संस्कृतीकडून किंवा एकूण मानवजातीकडून माझी काहीही अपेक्षा नव्हती. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण या सगळ्याच्या मुळाशी मी आहे आणि मला म्हणे पहिल्यापासूनच गाण्याबजावण्याची हौस, अशी समजूत सध्या आमच्या नातेवाइकांत पसरली आहे. माझा आवाज कसा आहे ते मला शाळेतच कळलं होतं. समूहगीताच्या वेळी बाई मला म्हणाल्या होत्या, "तू नुसते ओठ हलव हं." मी ते इतके मनापासून हलवले की परीक्षकांनी माझ्या हावभावांचं वेगळं कौतुक केलं.

मुलीला घरात सगळे भोंगा म्हणतात. हे नाव तिच्या बापानं ठेवलं, जन्मानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, आणि त्यानंतर तिच्यासंबंधी त्यानं केलेलं दुसरं ठोस काम मला चटकन आठवत नाही. भोंगा दिवसा झोपत नाही. म्हणजे माझ्याकडे झोपत नाही. मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते, घरी बसून, तिच्या दुपारच्या झोपेत. ती झोपली तर भूगोल नीट होतो. नाही झोपली तर नद्या डोंगर चढतात. मागच्या खेपेला 'ज्वालामुखीचा उद्रेक' या ठिकाणी 'ज्वालामुखीचा उंदीर' असं छापून गेलं, खाली चित्रासकट. संपादकबाईंनी फोन केला आणि अतिशय मायेनं विचारलं, "तुम्हाला काही दिवस थांबायचंय का?" असल्या मायेचा अर्थ मला कळतो. आणखी एक उंदीर निघाला की काम गेलं.

सासूबाईंच्या मांडीवर मात्र हीच पोरगी मेणासारखी वितळायची. सासूबाई तिला आडवी घेत, भिंतीकडे बघत, आणि नाकातल्या नाकात एक गाणं सुरू करत:

झाकण आहे, डबा नाही,
दिसतं सगळ्यां, पुसतं कोण?
थोरली बसली उन्हामध्ये,
सावलीत माझे हात दोन.
नीज गं नीज, नीज गं नीज.

दुसऱ्या 'नीज'ला भोंग्याचे डोळे मिटलेले असत. हेच शब्द, हीच चाल, हीच मांडी (म्हणजे माझी, पण मांडीच) घेऊन मी म्हटलं की ती माझ्याकडे तोंडी परीक्षेतल्या ढ उमेदवाराकडे बघावं तशी बघायची आणि मग रडायला लागायची. मी शक्य तितकं गोड म्हणून पाहिलं. जितकं गोड म्हणावं तितकं ती मोठ्यानं रडायची.

अशात नणंदेचे दिवस भरत आले आणि सासूबाईंनी बॅग काढली. त्या लेकीकडे गेल्या की माझ्या दुपारी गेल्या, माझा भूगोल गेला आणि माझी नोकरी गेली, हे मला लख्ख दिसत होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "आईंचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवूया का?"

तो म्हणाला, "बघू."

नवरा सगळ्याला 'बघू' म्हणतो. लग्नाला हो का, असं विचारल्यावरही तो 'बघू' म्हणाला होता आणि माझ्या माहेरच्यांनी तो होकार धरला. मी याही वेळी होकार धरला, फोन घेतला, सासूबाईंच्या समोर बसले, आणि नेमका तेव्हाच भाऊजी आला.

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. तो दिवसा ध्वनियंत्रांच्या दुकानात काम करतो आणि उरलेल्या वेळात संगीतात प्रयोग करतो. त्यानं माझ्या हातातला फोन पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"वहिनी, फोनवर? आईचा आवाज तुम्ही फोनवर घेणार?"

"भाऊजी, पोरगी झोपवायचीय फक्त."

"म्हणून काय झालं? घ्यायचं तर नीट घेऊ. अर्ध्या तासाचं काम आहे." मग त्यानं सासूबाईंना गाणं पुन्हा म्हणायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि डोळे उघडले ते पाण्यानं भरलेले. "झाकण आहे, डबा नाही! वहिनी, झाकण म्हणजे देह. डबा म्हणजे आत्मा. थोरली म्हणजे ती... सगळ्यांची आदिमाता. आणि सावलीत माझे हात दोन! हे द्वैत आहे, वहिनी! किती शतकांपूर्वीचं असेल हे?"

सासूबाई म्हणाल्या, "चहा घेणार का तू?"

मला तेव्हाच उठून निघून जायला हवं होतं. पण मांडीवर पोरगी झोपलेली असली की आई कुठंही जाऊ शकत नाही. जगातले बरेच गैरप्रकार आयांच्या डोळ्यांदेखत होतात ते याच कारणानं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आपल्या मित्राला घेऊन आला. हा मित्र गिटार वाजवतो. त्याला सगळे ढग म्हणतात, कारण त्याला काही विचारलं की उत्तर येईपर्यंत हवामान बदलतं. दोघांनी मिळून आमच्या झोपायच्या खोलीतल्या गाद्या खिडक्यांना उभ्या लावल्या, मग कपाटाचं दार उघडून त्यात डोकं घातलं आणि आतून टाळ्या वाजवून पाहिल्या. "इथं आवाज मेलेला आहे," भाऊजी आनंदानं म्हणाला. तर ठरलं असं की सासूबाईंनी कपाटात बसून गायचं.

"इतकी वर्षं संसार केला," सासूबाई म्हणाल्या, "पण मला कपाटात कोणी ठेवलं नव्हतं."

तरी बसल्या. धाकट्यानं सांगितलं की त्या बसतात. मी सांगितलेलं त्यांना 'आजकालचं' वाटतं. शिवाय मांडीवर बाळ असल्याखेरीज त्यांना गाणं सुचेना, म्हणून भोंगाही कपाटात गेली. मग मला आत हवा पुरेल का ही चिंता लागली. कपाट केवढं, माणसं किती, एक मोठं, एक छोटं, वर चार कोट आणि स्वेटरचा गठ्ठा. मी दाराच्या फटीत बोट घालून उभी राहिले. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला दार जरा ढकलायची, की बिजागरी करकरायची. भाऊजी कानाला हेडफोन लावून बाहेर बसला होता. तिसऱ्यांदा करकरल्यावर त्यानं हात वर केला. मला वाटलं, आता ओरडणार.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "ती कुरकुर ठेवूया. फार खरी आहे."

सासूबाई लेकीकडे गेल्या. भोंगा दोन दिवस त्यांना शोधत राहिली आणि मी भाऊजीला. शेवटी तो सापडला. म्हटलं, "भाऊजी, ते गाणं द्या ना. साधं. जसं आहे तसं."

"तसं आता नाहीये, वहिनी," तो म्हणाला. "त्याच्यावर पुढचं काम झालं. मूळ त्यात विरघळलं."

"म्हणजे?"

"म्हणजे जागा नव्हती, म्हणून मूळ पुसलं."

माझ्या तोंडावर आलं ते सगळं असं होतं की आदल्याच महिन्यात मी ते पाचवीच्या पुस्तकातून 'अयोग्य' म्हणून काढलं होतं.

पुढचं काम काय झालं होतं ते मी त्याच दिवशी ऐकलं. सुरुवातीला डफ. मग आमचं कपडे धुण्याचं यंत्र पिळायला लागल्यावर जसं हादरतं तसा आवाज (तो यंत्राचाच होता, मला न विचारता घेतलेला). त्यावर ढगाची गिटार, विहिरीत पडलेल्या मांजरानं वर येता येता विचार बदलावा तशी. आणि त्या सगळ्यातून सासूबाई: एकदा सरळ, एकदा दुरून, एकदा पाण्याखालून, आणि एकदा उलट्या. भाऊजीनं समजावलं की हे लोकगीत आणि सायकेडेलिक यांचं मिश्रण आहे, ऐकणाऱ्याच्या जाणिवेची दारं उघडतात. भोंग्याची उघडली. तिनं दोन्ही मुठी वर केल्या, डोळे बशीएवढे केले, आणि संध्याकाळपर्यंत ते मिटले नाहीत.

समोरच्या काकूंनी दारातच गाठलं. त्या आमच्या मजल्यावर राहतात आणि आमच्या घरात काय चाललंय ते आमच्याआधी त्यांना कळतं. "धाकट्याचं काय गं ते? काय म्हणाला तो, जिन्यात बोलत होता?"

"सायकेडेलिक, काकू."

काकूंनी माझा हात धरला. "घाबरू नकोस. माझ्या पुतण्यालाही होतं ते. गोळ्या सुरू केल्या, आता बँकेत आहे." त्यांनी डॉक्टरांचा नंबर दिला. मी तो ठेवून दिला. घरात कुणालातरी लागेल असं वाटत होतं, फक्त कुणाला ते ठरत नव्हतं.

इमारतीच्या सेक्रेटरींचं प्रकरण याहून अवघड गेलं. 'नीज' हा शब्द उलटा वाजवला की 'जीन' ऐकू येतो. भाऊजीनं तो उलटा करून एकामागून एक लावला होता. आमच्या खोलीतून तासन् तास 'जीन, जीन, जीन' आणि त्याच्या मागं यंत्राची घरघर बाहेर जात होती. सेक्रेटरी वर आले, खिडकीला टेकवलेल्या गाद्यांकडे आणि रिकाम्या कपाटाकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, शिकलेली माणसं तुम्ही. निवासी इमारतीत जीन पँटच्या शिलाईचा कारखाना?"

"कारखाना नाहीये, सासूबाई आहेत."

"त्यांना या वयात मशीनवर बसवलंय?"

जिन्यात उभ्या असलेल्या लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी नंतर हळूच येऊन विचारलं की त्यांच्या मुलाच्या मापाची मिळेल का.

आता खरं म्हणजे इथं थांबता आलं असतं. पण भाऊजीकडे आता पूर्ण अल्बम तयार होता, त्याला 'झाकण आहे, डबा नाही' हे नाव होतं, आणि तो कुठं प्रसिद्ध करायचा तर हक्कांची नोंदणी हवी होती. "वहिनी, अर्ज तुम्हीच भरा ना. तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे." मी अट घातली: नोंदणी झाली की भाऊजी सासूबाईंकडे जाईल, त्यांचं गाणं पुन्हा, साधं, कशातही न विरघळवता घेईल आणि मला आणून देईल. तो कबूल झाला. म्हणजे आता माझी झोप, अर्थात भोंग्याची, एका सरकारी शिक्क्यावर येऊन ठेपली.

अर्जासोबत अल्बमवर छापायचा मजकूरही जोडायचा होता. तो मी नोंदणी कार्यालयात, खिडकीपाशी उभी असताना पहिल्यांदा वाचला. 'गीत: पारंपरिक. आवाज: आई. गिटार: ढग. कुरकुर: वहिनी.'

खिडकीमागच्या साहेबांनीही वाचला. भोंगा माझ्या कडेवर होती आणि काउंटरवरच्या साखळीनं बांधलेल्या पेनाला गिळू पाहत होती. साहेबांनी चष्मा वर केला. "गीतकारांचं पूर्ण नाव?"

"पारंपरिक."

"आडनाव झालं. नाव?"

"अहो, नाव नाही. म्हणजे ते कुणी एकानं लिहिलेलं नाही, लोकांमधून आलेलं आहे."

"मग सगळ्या लोकांच्या सह्या लागतील." ते हे इतक्या शांतपणे म्हणाले की मला वाटलं, खरंच चौकशी करावी कुठं मिळतील. "किंवा हयात नसतील, तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची ना-हरकत."

"परंपरेचा मृत्यूचा दाखला?"

"बाई, मला साहित्य शिकवू नका. गाणं आहे म्हणजे कुणीतरी केलं. आपोआप फक्त बुरशी येते. तुम्हाला ते कुणाकडून मिळालं?"

"सासूबाईंकडून."

"त्यांना कुणाकडून?"

हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. जाणिवेची सगळी दारं उघडणाऱ्या माणसानं आपल्या आईला एक साधा प्रश्न विचारला नव्हता. आणि मी, जी उंदरापासून अनुस्वारापर्यंत सगळं तपासते, मीही नाही.

कार्यालयाच्या पायरीवर बसून मी फोन लावला. नणंदेला मुलगा झाला होता, मागून तो रडत होता. त्याचं सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, "आई, ते 'झाकण आहे' तुम्ही कुणाकडून शिकलात?"

"शिकायचंय काय त्यात? मीच म्हणायची."

"म्हणजे केलं कुणी?"

"अगं, मीच. थोरलीनं माझा डबा नेला होता ना माहेरी."

थोरली म्हणजे सासूबाईंची मोठी जाऊ. आम्ही तिला थोरल्या काकू म्हणतो. आदिमाता वगैरे नाही, गुडघ्यांचा त्रास आहे. सासूबाई नव्या नवरी असताना त्यांच्या आईनं दिलेला डबा थोरल्या काकू घेऊन गेल्या आणि परत आल्या त्या डब्याशिवाय; झाकण तेवढं मागं घरात राहिलं होतं. भर थंडीत त्या उन्हात बसायच्या, आणि सासूबाई मागच्या बाजूला, सावलीत, गार पाण्यात सगळ्यांचे कपडे धुवायच्या. बोलायची सोय नव्हती. मग पोरांना झोपवताना त्या हे चालीवर म्हणत. "ते गाणं कुठलं गं," सासूबाई म्हणाल्या, "गाऱ्हाणं आहे ते."

आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. "का विचारतेस? कुणाला ऐकवलं नाही ना? थोरलीच्या कानावर गेलं तर तोंड दाखवता येणार नाही मला. इतक्या वर्षांत एक शब्द बोलले नाही मी तिला!"

मी ताबडतोब भाऊजीला फोन केला. तो खूश होता. "वहिनी, नोंदणी होईल तेव्हा होईल, मी मघाशीच सगळ्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलंय!"

ग्रुप उघडला. आत्यांनी फुलं टाकली होती. एका चुलत भावानं विचारलं होतं की फाइल खराब आहे का. नवऱ्यानं, पूर्ण अल्बम समोर असताना, 'बघू' असं लिहिलं होतं. आणि त्याखाली थोरल्या काकू:

'चाल गोड आहे. डबा माझ्याकडे आहे. झाकण असेल तर पाठवून द्या.'

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मोठ्यानं आठवलं की माझं डोकं दुखतं. सासूबाईंनी संमती द्यायचं साफ नाकारलं. साहेबांनी अर्जावर 'गीतकार हयात, नाराज' असा शेरा मारला आणि मला म्हणाले, "बघा, पारंपरिक सापडले की नाही." भाऊजीनं गाद्या खिडक्यांना तशाच ठेवून अबोला धरला. ढगाला अल्बम बारगळल्याचं सांगितलं, तो अजून विचार करतोय. सासूबाईंनी सगळ्यांशी बोलणं चालू ठेवलं, फक्त माझ्याशी बंद केलं, कारण सुरुवात मी केली होती. रेकॉर्ड करूया हे शब्द माझे होते, याला साक्षीदार खुद्द माझा नवरा. आणि साधं गाणं मिळण्याची उरलीसुरली आशा संपली.

काल दुपारी संपादकबाईंचा निरोप आला: आठवीचा भूगोल संध्याकाळपर्यंत हवा, 'या वेळी जरा नीट'. भोंगा सकाळपासून जागी. खोलीत गाद्यांमुळे अंधार, टेबलावर समुद्राचे प्रवाह. मी तिला मांडीवर घेतलं आणि घसा साफ करून, जमेल तितक्या गोडव्यानं 'झाकण आहे' सुरू केलं. तिनं धनुष्यासारखी कंबर उचलली आणि भोंगा वाजला. मी पुन्हा केलं. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा माझ्यातला गोडवा संपला. भिंतीकडे बघत, नाकातल्या नाकात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं मी तीच चाल धरली, पण शब्द आपोआप दुसरेच यायला लागले:

गाद्या उभ्या खिडकीपाशी,
लावल्या कुणी, उचलतं कोण?
दीर माझा कलावंत,
राबायला माझे हात दोन.

भोंगा थांबली. माझ्याकडे बघायला लागली. परीक्षकासारखी नाही; एखाद्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

नवरा म्हणतो बघू, बघू,
बघत बघत गेला दिस,
माझं नाव छापलं कुठं?
कुरकुरीच्या खाली, हिस्स.

'हिस्स' यमकासाठी आलं. शुद्धलेखन तपासणारी असून मला त्याची लाज वाटली नाही. भोंग्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या. तेवढ्यात फोन थरथरला. सासूबाई! इतक्या दिवसांनी! मी कोपरानं कसाबसा फोन उघडला, पण गाणं थांबवण्याची हिंमत होईना. समोरच्या काकू, सेक्रेटरी आणि 'आपोआप फक्त बुरशी येते'वाले साहेब यांना एकेक ओळ देत मी कडवं पूर्ण केलं. पलीकडे सासूबाईंच्या मागं नणंदेचं पोर टाहो फोडत होतं.

"झोपली?" त्यांनी शेवटी विचारलं.

"झोपतेय," मी कुजबुजले.

"इकडचा नाही झोपत गं." आवाज अगदी खचलेला होता. "थोरलीनं परवा डबा पाठवला. घासूनपुसून. मी झाकण लावलं, बसलं. आता 'झाकण आहे' म्हणायला जाते तर जोरच लागत नाही. डबा समोर दिसतो. पोराला कळतं ते."

एवढ्या वर्षांचं गाणं गेलं होतं, आणि ते घालवलं होतं मी.

"तुझं चांगलं जमलंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "माझं नाव आलं का गं त्यात?"

"नाही, आई! काहीतरीच काय!"

"खोटं बोलू नकोस. पुढचं कडवं माझंच होतं ना? मी फोन केला म्हणून गिळलंस."

मांडीवर हालचाल झाली. भोंग्यानं एक डोळा उघडला, आणि तोंडाचा तो विशिष्ट चौकोन होऊ लागला.

"उठली बघ," सासूबाई म्हणाल्या. "अर्ध्यावर सोडलं की उठतात ती. म्हण म्हण, लवकर. आणि जरा मोठ्यानं म्हण, मी फोन याच्या कानाशी धरते."